बॅरल बदलायला गेलो आणि ४६,३५०ला बुडालो

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. ४६,३५० रुपये. मुलीच्या एअर रायफलच्या बॅरलचे, म्हणजे नळीचे, ३८,५००, बसवणावळ ४,५००, ‘टेस्टिंग’चे २,००० आणि कस्टममध्ये जास्त लागले म्हणून शेवटच्या दिवशी उकळलेले १,३५०. कोल्हापूर-पुणे दोन हेलपाट्यांचं डिझेल आणि टोल यात नाही. माझं जुनं, चांगलं, जर्मन बॅरल गेलं त्याची किंमतही यात नाही.

आणि मी कोण? शिरोली एमआयडीसीत बावीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. दोन शतांश मिलिमीटरसाठी पोरांचा जॉब परत पाठवणारा. हे बायकोने आतापर्यंत किती वेळा ऐकवलं ते विचारू नका.

मुलगी दहा मीटर एअर रायफल मारते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून आमच्याकडे ज्याच्या त्याच्या पोराला रायफल हवी झालीय. आमची मात्र त्याआधीपासून मारते, हे सांगून ठेवतो. नवी मॅच रायफल आपल्या आवाक्याबाहेरची, म्हणून सेकंडहँड घेतली, १,६५,०००ला. दोन वर्षं झकास चालली. मग गेल्या पावसाळ्यात तिचा स्कोअर ६१८वरून ६०६वर आला. साठ गोळ्यांत बारा पॉइंट म्हणजे काय, ते मारणाऱ्यालाच कळतं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो.

तेव्हा रेंजवरच्या एका पालकाने नंबर दिला. ‘जर्मनीत ट्रेनिंग घेतलेला माणूस आहे, भल्याभल्यांच्या रायफली करतो.’ पुढचं तुम्हाला पाठ आहेच. गोड बोलणं, मोठ्या खेळाडूंसोबतचे फोटो, अर्धे आगाऊ, मग ‘माल कस्टममध्ये अडकलाय’. त्याने रायफल हातात घेतली, नळीत टॉर्च मारली आणि डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली. “दादा, बॅरल संपलंय. खाचा घासल्यात.” खाचा म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या चऱ्या.

इथे पहिली माती खाल्ली. एअर रायफलची गोळी शिशाची, मऊ. दारू नाही, आग नाही, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. पोलादाच्या नळीच्या खाचा शिसं घासणार कसं? लेथवर काम करणाऱ्याला हे सुचू नये? सुचलं होतं. पण शेजारी मुलगी उभी होती, तोंड एवढंसं झालेलं, दोन महिन्यांवर राज्य स्पर्धा. अशा वेळी बाप धातुशास्त्र काढत बसत नाही. एअर रायफलचं बॅरल गंजाने, वाकल्याने किंवा तोंडाशी मार लागल्याने खराब होतं, नुसत्या गोळ्या मारून होत नाही. कोणी ‘संपलंय’ म्हणाला तर रायफल उचला आणि घरी या.

शिवाय तिचा ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, उभा पसरत होता, वर-खाली. आडवा नाही. गोळीचा वेग कमी-जास्त होतोय याचं हे सरळ लक्षण. मला ते नंतर कळलं, त्याला तेव्हाच कळलं असणार.

२५,००० आगाऊ दिले. रायफल त्याच्याकडे ठेवून आलो. यावर सगळे ओरडतात: ठेवलीस कशाला? अहो, बॅरल बसवायचं तर रायफल नको का?

तीन आठवड्यांनी घ्यायला गेलो. आता जे सांगतो ते लिहितानाही कानशिलं तापतात. रायफल टेबलावर होती. मी सवयीने नेम धरायच्या पुढच्या साइटपाशी बोट फिरवलं, तर क्लॅम्पखालून काहीतरी चमकलं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा कापलेला पत्रा. बॅरलला गुंडाळून त्यावर साइट आवळलेली. पॅकिंग! माझ्या शॉपमध्ये कोणी शाफ्टला असं पॅकिंग घातलं तर मी त्याला दारात उभा करतो. मी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “दादा, जर्मन टॉलरन्स फार टाइट असतो, साइट स्क्रॅच होऊ नये म्हणून.” आणि मी? मी ‘अच्छा’ म्हणालो.

‘अच्छा’! जे बॅरल याच मॉडेलसाठी बनलंय म्हणून ३८,५०० मोजले, ते याच मॉडेलच्या साइटमध्ये सैल बसेल कशाला? पाच सेकंदांचा विचार होता. जाडी मोजायचा व्हर्नियर गाडीत होता. गाडीत! पण त्याने चहा मागवला होता, मुलगी रायफल खांद्याला लावून बघत होती आणि खरं सांगायचं तर मला ‘नाही’ हा शब्द ऐकायचा नव्हता. उरलेले २१,३५० तिथल्या तिथे यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर ‘जीएसटी लावू का? मग अठरा टक्के वाढतील.’ मी नको म्हणालो. कोण हो म्हणतं? जुनं बॅरल मागितलं तर म्हणाला भंगारात गेलं. भंगारात! चार-दोन किलो पत्रा असला तरी आम्ही वजन करून घेतो.

घरी पहिल्याच दिवशी ग्रुप आधीपेक्षा वाईट. मग मोजायला बसलो. साइटचा क्लॅम्प १५ मिलिमीटरचा, बॅरल बाहेरून भरलं १४.६. कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडाशी फिरवली, तर कापूस अडकला, म्हणजे तोंडाला बर, कापताना राहिलेली धातूची बारीक कड. मागून पेलेट, म्हणजे शिशाची गोळी, घालून रॉडने ढकललं: कुठे घट्ट, कुठे धप्पकन सैल. बाहेर आलेल्या पेलेटवर खाचांचे वण एकाच बाजूला. कुठल्या तरी स्वस्तातल्या बंदुकीची नळी काळी करून घातली होती. हे सगळं दुकानात उभ्या उभ्या करता येतं, एक काडी आणि एक पेलेट पुरतं. आणि कोणाच्याही हाती रायफल देण्याआधी बॅरलवरच्या खुणांचे जवळून फोटो काढा. माझ्याकडे फोटो आहेत ते मुलीच्या पदकांचे.

शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावला. वेग १६१ ते १७६, एकेका गोळीला वेगळा. एवढ्या फरकाने दहा मीटरवर गोळी तीनेक मिलिमीटर वर-खाली जाते, म्हणजे सरळ एका रिंगपेक्षा जास्त. दोष रेग्युलेटरच्या सीलमध्ये होता, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखाच हवेचा दाब देणाऱ्या भागात. सील किट आणि मजुरी मिळून २,८००. बॅरलचा संबंधच नव्हता! त्यानेच जाता जाता सिलिंडरवरची तारीख दाखवली. हवेच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत असते, सेकंडहँड घेणाऱ्यांनी आधी ती बघावी. आमची दीड वर्षात संपतेय. म्हणजे तो खर्च वेगळाच.

आता पोलीस. पहिला प्रश्न, “लायसन आहे का?” ४.५ मिलिमीटर भोकाच्या आणि वीस ज्यूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, २०१६च्या शस्त्र नियमांत आहे, हे मी प्रिंट काढून नेलं होतं. साहेबांनी प्रिंट उलटा धरून बघितला आणि म्हणाले, “पण बंदूक आहे ना?” फसवणूक मी सांगतोय आणि आधार कार्ड माझंच तपासतायत. मग ‘हा दिवाणी मामला आहे’. मग ‘घटना पुण्यात घडली, तिकडे जा’. मी झीरो एफआयआर म्हणालो, म्हणजे घटना कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती, तर ‘तुम्ही वकील आहात का?’ जुनं चारशेवीस आता नव्या भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, विश्वासाने दिलेली वस्तू गिळंकृत केली तर ३१६. कलमांचे नंबर बदलले, खुर्चीवरचा माणूस तोच आहे. याच दरम्यान माझं जुनं बॅरल एका व्हॉट्सॲप ग्रुपवर २६,०००ला विकायला आलं. तोंडाजवळ बेंचला घासून पडलेला मुलीचाच ओरखडा! पोलिसांना जाहिरातीतला फोटो दाखवला, तर म्हणाले, “ओरखडा कुठल्याही नळीला पडतो हो.”

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला: पैसे तुम्ही स्वतः दिले, वस्तू मिळाली, हा सायबर फ्रॉड नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला केला: तक्रार नोंदली, दुकानदाराचा पत्ता द्या. पत्ता भाड्याच्या गाळ्याचा, तो आता रिकामा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे खरं, पण तिथेही पहिली ओळ ‘बिल जोडा’. यूपीआयच्या नोंदीत पैसे गेले त्याच्या बायकोच्या नावावर, शेरा ‘स्पोर्ट्स’. जीएसटीचे अठरा टक्के म्हणजे ८,०००च्या आसपास वाचवले होते मी. पैसे देताना शेऱ्यात कशाचे ते पूर्ण लिहा, एवढं तरी करा.

मुलगी सध्या क्लबची रायफल वापरते. राज्य स्पर्धेत ६११ मारले, त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. चौथ्या खेपेला पोलिसांनी माझा अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. बाहेर येऊन वाचली. विषय: बंदुकीची नळी हरवल्याबाबत.