खोली खरी, चावी खरी, घरमालक मात्र खोटा

भाड्याची खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा सल्ला बाहेरगावी शिकायला निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला मिळतो. आम्ही खोली पाहिली होती, पाणी कोणत्या वेळी येते ते विचारले होते, खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोललो होतो. तरीही अनामत रकमेचे तीस हजार रुपये अशा माणसाच्या हाती गेले, ज्याला ते घर भाड्याने देण्याचा कसलाही अधिकार नव्हता. हा प्रकार कोल्हापुरात पुन्हा घडू शकतो, म्हणून तो कसा घडला हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मुलीला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहाची यादी लागायची होती आणि तास तर सुरू होणार होते, तेव्हा तिने चंदगड आणि कवठेमहांकाळकडच्या दोन मैत्रिणींबरोबर खोली घ्यायचे ठरवले. विद्यापीठाच्या आसपास, म्हणजे राजेंद्रनगर, सागरमाळ, प्रतिभानगर आणि राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्यांत, प्रवेशाच्या दिवसांत खोल्यांसाठी अक्षरशः धावपळ असते. या घाईवरच अशी माणसे जगतात. झेरॉक्सच्या दुकानात लावलेल्या चिठ्ठीवरून मिळालेल्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत आदबीने, ‘मुलींनाच देणार आहे, संध्याकाळी सातनंतर बाहेर राहिलेले चालणार नाही,’ असे सांगितले. मुलीच्या बापाला याहून अधिक विश्वास वाटावा असे दुसरे काय असते?

फ्लॅट दोन खोल्यांचा, स्वच्छ, भाडे महिना नऊ हजार. वीजबिलावर दुसरेच नाव होते. ते मामांचे असून मामा पुण्याला असतात आणि सगळा व्यवहार आपणच पाहतो, असे उत्तर मिळाले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘होय की, इथंच असत्यात ते.’ त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते, कारण तो तिथे राहत होताच. वीस हजार रुपये मोबाइलवरून पाठवताना पडद्यावर एका स्त्रीचे नाव आले, ते पत्नीचे खाते असल्याचे सांगण्यात आले. उरलेले दहा हजार त्याने रोख मागून घेतले. स्टॅम्प पेपरवर करारनामा झाला, त्यावर नोटरीचा शिक्का बसला आणि चावी आमच्या हातात आली.

ठरलेल्या तारखेला गाद्या, कपाट आणि पुस्तकांचे खोके घेऊन आम्ही पोहोचलो, तेव्हा जिन्यात आणखी दोन कुटुंबे आपापले सामान घेऊन उभी होती आणि प्रत्येकाकडे त्याच कुलपाची चावी होती. थोड्या वेळाने खरे घरमालक आले. त्यांच्याकडे त्या माणसाशी केलेला अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार होता, त्यात पोटभाडेकरू ठेवू नये अशी अट स्पष्ट लिहिलेली होती, आणि त्यांचेही भाडे थकलेले होते. माणसाचा फोन बंद होता. माझी मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही, पण शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर तिच्या वाट्याला हे यावे याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून ज्या गावात खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी वसतिगृहे उभारायला सुरुवात केली आणि ज्याला वसतिगृहांची जननी म्हटले गेले, त्याच गावात विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याच्या गरजेचा असा धंदा व्हावा, हे सहन होत नाही.

नंतर एका वकिलांनी जे समजावले ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असून त्याची नोंदणी झालेली असली पाहिजे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसे न केल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे. नोटरीचा शिक्का हा नोंदणीला पर्याय नाही. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंच्या आधारची पडताळणी होते, त्यामुळे खोट्या नावाने वावरणारा माणूस तिथेच अडखळतो. मात्र आधारवरून माणूस कोण हे कळते, घर कोणाचे हे कळत नाही. त्यासाठी शहरात मिळकत पत्रिका किंवा घरफाळ्याची चालू पावती, आणि सरनोबतवाडी किंवा उजळाईवाडीसारख्या गावांकडे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा मागावा, आणि त्यावरचे नाव, करारावरचे नाव व पैसे ज्या खात्यात जाणार त्या खात्याचे नाव ही तिन्ही जुळवून पाहावीत. मालक बाहेरगावी असेल तर त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणे पुरेसे नाही, कारण मामा म्हणून कोणीही समोर बसू शकतो. दुसऱ्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र असलेच पाहिजे. खरा मालक हे कागद दाखवायला का-कू करत नाही. आमच्या खऱ्या घरमालकांनी तर न मागता सगळी फाइल पुढे ठेवली.

त्याच दुपारी आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन गेलेल्या रकमेपैकी काही भाग त्या खात्यात शिल्लक होता, तो बँकेने गोठवला; तेवढेच हाती लागण्याची आशा आहे. रोख दिलेल्या दहा हजारांचा मागच नाही. म्हणून कोणी ऑनलाइन आणि रोख अशी विभागणी सुचवली, तर त्यामागचा हेतू ओळखावा. फसवणुकीचा गुन्हाही नोंदवला असून तपास सुरू आहे. मुलगी सध्या उचगावला माझ्या मावसबहिणीकडे राहून बसने ये-जा करते.

त्या जिन्यात भेटलेल्या कुटुंबांपैकी एकाने आपल्या तालुक्याच्या ठाण्यात तक्रार दिली आहे, तर दुसऱ्याने ‘गेले ते गेले’ म्हणून विषय सोडला आहे. अशीच आदब, सातनंतर बाहेर न राहण्याची अशीच अट आणि पुण्याच्या मामांचे नाव ज्यांच्या अनुभवात आले असेल, त्यांनी रक्कम लहान असली तरी व्यवहाराची पावती, संदेश आणि करारनामा घेऊन तक्रार नोंदवावी; फसवलेल्या लोकांची संख्या तपासात पुढे आली, तर हा एका घरातला वाद आहे असे म्हणायला कोणाला जागा राहणार नाही.