मालवणच्या धक्क्यावर पोलरायझर फिल्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात मी ६७ मिलिमीटरचा, मध्यम किमतीचा सर्क्युलर पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावून फिरवायची चकाकी कापणारी काच, घेतला तो एकाच कामासाठी. मालवण बंदराच्या धक्क्यालगत मुले जिथे पोहतात, तिथली तळाची वाळू, शेवाळलेली खडपे आणि पोहणाऱ्यांचे हलणारे पाय उभ्याउभ्या दिसतात. फोटोत मात्र त्या सगळ्यावर आकाशाचा पांढरट पत्रा पसरलेला असे. आपली नजर हलत्या चकाकीतून वाट काढते, कॅमेऱ्याला ते साधत नाही.

पहिले दोन आठवडे मी निराश होतो. धक्क्याच्या कडेला उभे राहून सरळ खाली कॅमेरा धरायचा आणि फिल्टर कितीही फिरवला तरी फरक पडायचा नाही. चूक माझी होती. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश सर्वाधिक ध्रुवित होतो (म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत येतात, आणि असाच प्रकाश हा फिल्टर अडवतो) तो लंबाशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात, म्हणजे आपण पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंशांचा कोन करून पाहत असताना. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये मांडलेला हा नियम फिल्टरच्या खोक्यावर कोणी छापत नाही. कॅमेरा पाण्यापासून साडेचार मीटर उंच असेल तर पायथ्यापासून सुमारे सहा मीटरवरचे पाणी सर्वांत स्वच्छ दिसते. ओहोटीला पाणी दोन मीटर खाली गेले की तोच पट्टा साडेआठ मीटरच्या पुढे सरकतो. त्यामुळे मी आता निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहतो, आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जात असल्याने एकच जागा कायमची धरून बसत नाही. होडी शाकारणारे एक काका मला असे मागेपुढे सरकताना बरेच दिवस पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलेच, ‘‘फोटो काडतास की पाणी मोजतास?’’

मार्चअखेरीस दुपारी चारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून नेमका ३७ अंशांच्या आसपास असतो आणि पाण्यावरची त्याची झगझगही तेव्हा फिल्टरने सर्वाधिक कापली जाते. शाळा सुटलेली मुले पाण्यात उतरतात तीही याच वेळी, हा योग मला या आठ महिन्यांतला सर्वांत मोठा लाभ वाटतो. ओल्या जांभ्यावरची पांढरी चमक जाऊन त्याचा मूळ तांबूसपणा वर येतो आणि होड्यांच्या निळ्या-हिरव्या रंगांना भर येतो. धातूच्या कड्या मात्र तशाच चकाकत राहतात, कारण उघड्या धातूवरच्या चकाकीपुढे या फिल्टरचे फारसे चालत नाही.

त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. दीड ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सूर मारणारा मुलगा हवेत गोठवण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाचे शटर हवे असेल, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० वरून ४०० पर्यंत न्यावा लागतो. भर उन्हात हे चालून जाते, पाचनंतर जड जाते. (मुलांचे फोटो काढण्यापूर्वी सोबतच्या मोठ्यांना विचारतो आणि चेहरे ओळखू येतील असे फोटो कोणाला पाठवत नाही.) समोरचा सिंधुदुर्ग आणि वरचे आकाश एकत्र घ्यायला रुंद कोनाची लेन्स लावली, तर आकाशाच्या एका भागात निळाकाळा डाग पडतो, कारण आकाशातला प्रकाश सर्वत्र सारखा ध्रुवित नसतो. तेव्हा मी फिल्टर काढून ठेवतो.

सूर्यास्तालाही काढतो, आणि तो केवळ उजेडासाठी नव्हे. संध्याकाळी त्या पाण्याचे सौंदर्य तळाशी नसतेच. ते वरच्या तांबड्या चकाकीत आणि तिच्यात काळ्या ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या डोक्यांत असते. पहिल्या उत्साहात मी ती चकाकीच पुसायला निघालो होतो. नोव्हेंबरातले माझे बरेच संध्याकाळचे फोटो त्यामुळे नुसते मंद आणि काळपट आले आहेत.

खरी तक्रार बांधणीची आहे. चौथ्या महिन्यात फिल्टरची फिरती कडी अडकली. खारा वारा आणि बारीक वाळू तिच्या फटीत बसली होती. विक्रेत्याने ‘वापरामुळे झालेला बिघाड’ म्हणून हात वर केले. शेवटी रबरी पट्टा गुंडाळून ती सोडवली, पण फिरताना अजून करकरते. काचेवर वाळलेले मीठ कोरड्या कापडाने पुसू नये, ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओली करून मगच मऊ कापड लावावे. हे मी एका ओरखड्यानंतर शिकलो.

विकत घ्यावा का? नोव्हेंबर ते मे या काळात दिवसाउजेडी पाण्याचे फोटो काढणाऱ्याने जरूर घ्यावा, मात्र दुकानात कडी स्वतः फिरवून पाहावी आणि डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर लिनियर या दुसऱ्या प्रकाराऐवजी सर्क्युलरच घ्यावा, नाहीतर ऑटोफोकस गोंधळू शकतो. जूनपासून पाणी इतके गढूळ होते की दाखवायला तळच उरत नाही. माझा फिल्टर आता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आहे, आणि पावसाळी दमटपणात काचेवर बुरशी धरू नये म्हणून दर पंधरवड्याला मी पुड्या बदलतो.