फ्लोट ट्यूबसाठी फिन्स आणि बूट: आठ महिने आणि दोन बाद जोड्यांनंतर

ऑक्टोबरात पाऊस ओसरला तेव्हा गळाने मासे धरायला फ्लोट ट्यूब घेतली, आता जून लागला. तीसेक वेळा तरी पाण्यात उतरलो असेन. बहुतेक रविवार नागपूरजवळच्या झिल्पी तलावावर, काही खिंडसीला आणि दोन-तीनदा रामटेकच्या पुढच्या एका मामा तलावावर. (बाहेरच्यांसाठी: माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा.) ट्यूबबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हवा धरते, बूड भिजतं, मरळ लागते किंवा लागत नाही. सगळी गोम पायात आहे, आणि घेताना ते मला कोणी सांगितलं नाही.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांनी हवेने फुगवलेली खुर्ची डोळ्यासमोर आणावी. मांड्यांपासून खाली पाय पाण्यात, दोन्ही हात गळाला मोकळे. वल्हं नसतं. पायात चढवलेल्या पसरट पात्यांनी, म्हणजे फिन्सनी, पाणी पुढे ढकलायचं आणि आपण पाठीमागे सरकायचं. सगळा प्रवास पाठमोरा, मान वळवून वळवून.

पहिली जोडी मी दिसायला सुंदर म्हणून घेतली. लांब पात्याची, टाच झाकणारी, अनवाणी पायात घालायची, स्नॉर्केलिंगवाले वापरतात तसली. 1,800 रुपये. ही चूक का होती ते समजायला मला पूर्ण नोव्हेंबर लागला. पोहणारा माणूस पालथा असतो, त्याचा पाय कमरेपासून हलतो, लांब पात्याला मांडीचा जोर मिळतो. ट्यूबमध्ये आपण बसलेलो असतो. मांडी सीटला टेकलेली, हलतो तो गुडघ्याखालचा पाय. मग तेवढ्या लांब पात्याचा सगळा भार गुडघ्यावर. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरायचो आणि लोक विचारायचे, जिम लावली का.

शिवाय लांब पातं उथळात तळाला घासतं. आणि मरळ कुठे असते? उथळातच, शेवाळात आणि बेशरमच्या झुडपांच्या बुडाशी. फ्रॉग लुअर (बेडकासारखं नकली आमिष) अलगद टाकायचा आणि खाली आपल्याच पात्याने गाळ ढवळून ठेवायचा, म्हणजे झालंच.

त्याच जोडीने झिल्पीला माझी फजितीही केली. काठाच्या काळ्या गाळात पाय घोट्यापर्यंत रुतला, ओढून काढला तर फिन आतच राहिला. हाताने चाचपून पाहिलं, सापडला नाही. म्हटलं जाऊ दे, एकावर भागेल. एका फिनवर फ्लोट ट्यूब जागच्या जागी गोल फिरते, गिरणीच्या जात्यासारखी. वाऱ्याने मला तसाच फिरवत तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, नेलं. तिथे एक ढीवर (मासेमारी करणारे) काका ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं ओढत होते. त्यांचं वल्हं म्हणजे दोन्ही हातांत घातलेल्या रबरी चपला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून जी, बेडकाचे पाय लावले आन् एक घरीच विसरले का?" दोरी टाकून त्यांनीच मला काठाला लावलं. फिन त्यांच्या पोराने दुपारी पायाने चाचपून काढून दिला.

तेव्हापासून दोन्ही फिन्सना घोट्याशी बांधायची दोरी लावली आहे. जाड रबराचे फिन्स बुडतात, हे लक्षात असू द्या. दोरी कुठल्याही नाड्यांच्या दुकानात मिळते, त्यासाठी वेगळी वस्तू विकत घेऊ नका.

दुसरी जोडी डिसेंबरात. पहिलीच्या अगदी उलट: आखूड, मऊ प्लॅस्टिकची, मागे पट्टा. गुडघा दुखायचा थांबला, पण वारा सुटला की मी पाय मारतोय आणि समोरचं झाड तिथल्या तिथे. मऊ पातं नुसतं वाकतं, पाणी ढकलत नाही. त्यात तिची पायाची खोबण अनवाणी पायाच्या मापाची, आत बूट जाईना. मोजे घालून ढिली, बूट घालून घट्ट. ढिला फिन धरून ठेवायला बोटं आपोआप आवळली जातात आणि अर्ध्या तासात तळव्याला गोळा येतो. पाण्याच्या मधोमध पायात गोळा आला की हात पोचत नाही, नुसतं तोंड वाकडं करून बसायचं. ती जोडी शेवटी एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहून गेली. एका पात्याची कड मुडपली. गरम पाण्यात धरून थोडी सरळ केली, पण पाण्यात ती कायम डावीकडे ओढायची.

आता बुटांचं. अनवाणी उतरण्याचा नाद मला मामा तलावाने सोडवला. त्या तलावात शिंगाडा लावतात. वेलीवरचा शिंगाडा उपासाला गोड लागतो, तळाशी पडलेला जुना शिंगाडा मात्र काळा, लाकडासारखा टणक आणि दोन्ही बाजूंना काट्यांचा. एखादा काटा वर राहिला की पायात गेलाच. मी तेव्हा 3 मिमीचे निओप्रीनचे (स्पंजसारख्या रबराचे) मोजे घातले होते, तळ मऊ असलेले. काटा मोज्यातून टाचेत गेला आणि आत मोडला. घरी बायकोने सुईने काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं ते वेगळंच. मोजा म्हणजे बूट नव्हे, एवढं त्या दिवशी पटलं.

गमबूट तर विचारातही आणू नका. आत पाणी भरलं की पाय जड होतो आणि चिखलात तो निघतही नाही. पट्ट्याचे फ्लोटर सँडल एकदा घालून पाहिले, फिनच्या खोबणीत ते आडवे अडकतात.

शेवटी घेतले ते 5 मिमी निओप्रीनचे, घोट्याच्या वर येणारे, कडक रबरी तळाचे, बाजूला झिप असलेले डायव्हिंगचे बूट. 2,400 रुपये. डिसेंबरच्या पहाटे बोटं बधिर होत नाहीत. मे महिन्यात काठावर चालताना मात्र आत पाय शिजतो. पाण्यात उतरलं की ठीक. त्यांची खोड एकच, झिप. काळ्या मातीचा बारीक गाळ दातांत बसतो आणि वाळला की सिमेंट. परत येताना बाटलीभर पाण्याने धुवा, घरी मेणबत्ती घासा, आणि उन्हात वाळत घालू नका. नागपूरच्या उन्हात तळाचा डिंक सुटतो. माझ्या उजव्या बुटाचा अंगठ्याजवळ सुटलाच आहे, सध्या रबर सोल्यूशनवर चाललंय.

आणि मग तिसरी जोडी, बूट पिशवीत घालून दुकानात नेऊन घेतलेली. दुकानदार माझ्या चपलेचा नंबर विचारत होता, मी बूट घालून फिन चढवून बसलो. आखूड, रुंद, जाड रबराचं पातं, मागे स्प्रिंगचा पट्टा. 3,600 रुपये. वजन दोन किलोच्या आसपास, खांद्यावर टाकून चालताना जाणवतं. पण पाय मारला की ट्यूब हलते, आणि गुडघा सोमवारी तक्रार करत नाही. स्प्रिंगच्या पट्ट्यावर अडून बसू का, असं मी आधी म्हणत होतो. आता म्हणतो, बसाच. बकलमध्ये गाळ शिरला की थंडीत ओल्या बोटांनी ते उघडत नाही. स्प्रिंगला अंगठा घालून ओढलं की सुटतो. रबरी पट्टा आमच्याकडच्या उन्हात तडकतो ते आणखी एक.

उतरण्याची पद्धतही काकांनीच दुरुस्त केली. कुठूनही उतरायचं नाही. बैल धुवायला नेतात तो मुरूम टाकलेला उतार शोधायचा, घोटाभर पाण्यात बसून फिन्स चढवायचे आणि पाठमोरं चालत आत जायचं. पुढे तोंड करून चाललात की आडवे पडलातच. मगर नाही ना, हेही तिथल्याच माणसांना विचारा. नाग नदीत मगर दिसल्यापासून आमच्या आईचा हा पहिला प्रश्न असतो. मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका, तलाव त्यांनी ठेक्याने घेतलेला असतो. लाइफ जॅकेट घालाच. आणि निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो.

हिशेब केला तर पहिल्या दोन जोड्यांचे तीन हजार पाण्यात गेले. आधी बूट, मग त्यावर बसणारा फिन, एवढा क्रम पाळला असता तर वाचले असते.

पहिली लांब जोडी काकांच्या पोराला देऊन टाकली. परवा झिल्पीला तो ती घालून पालथा पोहत माझ्या बाजूने सुसाट गेला आणि पाळीवर बसून, मी पोचेपर्यंत, निवांत पाय सुकवत होता.