निकेल-एनटीए रेझिन, आठ महिने वापरल्यावर: २५ चा बँड काही सुटत नाही

संभाजीनगरच्या लॅबमध्ये या रेझिनची (हिस्टिडीनचा तुकडा, म्हणजे टॅग, जोडलेलं प्रोटीन निकेलने धरून वेगळे करणारे मणी) २५ मिलीलिटरची बाटली आठ महिने चालली. पकड उत्तम, प्रवाह उत्तम. तक्रार एकच: प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर २५ किलोडाल्टनच्या आसपास उमटणारा बँड. तो स्लायडी, म्हणजे ज्या ई. कोलाय जिवाणूत प्रोटीन बनवतो त्याचं स्वतःचं एक प्रोटीन. खरं वजन २१, पण शेपटीकडे हिस्टिडीनची दाटी, त्यामुळे निकेलला घट्ट धरतो आणि जेलवर थोडा वरच थांबतो. तुमचं प्रोटीन हिरव्या चमकणाऱ्या जीएफपीसारखं २७ चं असेल तर दोन्ही बँड एकमेकांत मिसळतात आणि माल आहे त्याहून शुद्ध दिसतो.

आधी सगळा दोष रेझिनला दिला होता. वॉशमधलं इमिडाझोल (निकेलवर सैल बसलेलं हटवणारं रसायन) २० वरून ४० मिलिमोलरवर नेलं. बँड फिका झाला, गेला नाही. चूक मापात होती. लिटरभर कल्चरमधून ५ मिलिग्रॅम प्रोटीन येत असेल, तर २ मिलीलिटर रेझिन कशाला? रिकाम्या निकेलवर आर्नए (ई. कोलायचंच आणखी एक प्रोटीन), स्लायडी सगळेच बसतात. अर्धा मिलीलिटर घेतलं की टॅगवालं प्रोटीनच त्यांना हुसकावतं. बाटलीही चौपट पुरते. तेव्हा रेझिनबद्दलचं मत बदललं.

तरी उरलाच तर टॅग कापणारं एन्झाइम टेव्ह प्रोटीएझ ५० ला १ या वजनाने घालून टॅग रात्रभर ४ अंशांवर तोडा, डायलिसिसने इमिडाझोल काढा आणि पुन्हा निकेलवरून सोडा. आता तुमचं प्रोटीन खाली येतं, स्लायडी वर अडकतो. नव्याने सुरू करणाऱ्यांनी सरळ ई. कोलायचा लॉब्स्टर स्ट्रेन (वाण) घ्यावा. त्यात आर्नए आणि स्लायडी दोन्ही बदललेले आहेत. ७० चा बँड मात्र डीएनएके (इतर प्रोटीनांना चिकटणारं ई. कोलायचं प्रोटीन) असू शकतो. त्याला एटीपी ५ आणि मॅग्नेशियम क्लोराइड १० मिलिमोलरचा वॉश लागतो, इमिडाझोल नाही.

सातव्या महिन्यात निळं रेझिन पांढरं पडलं. विक्रेत्याने हात वर केले, आणि त्याचा राग अजून आहे, कारण प्रोटीएझ (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं) रोखणारी गोळी ईडीटीए-विरहितच हवी हे त्याने विकतानाच सांगायला हवं होतं. ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन निकेल उपसून काढतं. डीटीटी (प्रोटीनमधले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) जास्त झालं तर रेझिन तपकिरी होतं.

फेकू नका. ५० मिलिमोलर ईडीटीए, पाणी, अर्धा मोलर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) अर्धा तास, भरपूर पाणी, मग १०० मिलिमोलर निकेल सल्फेट, पुन्हा पाणी. निळा रंग परततो. बोअरचं पाणी कुठेही वापरू नका. निकेलचं सांडपाणी बेसिनमध्ये नको, वेगळ्या कॅनमध्ये. ठेवताना २० टक्के इथेनॉल. उन्हाळ्यात लाईट जाते, म्हणून लायसेट (जिवाणू फोडून मिळालेला द्रव) बर्फातच राहू द्या.