रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००: एकाच पंख्याखाली सव्वा वर्ष

आमचं सोलापुरात लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम. एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरचं मशीन २०२२ च्या दिवाळीत घेतलं, इंटेलच्या आय५-१२४०० वालं त्यानंतर एका लग्नसराईच्या तोंडावर, त्यालाही आता सव्वा वर्ष झालं. दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर, एकावर मी आणि एकावर मेव्हणा. लोक विचारतात कुठला घेऊ, आणि जो तो सिनेबेंच या वेग मोजायच्या टेस्टचे आकडे तोंडावर फेकून मोकळा होतो, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

कागदावर बघाल तर जुळी भावंडं. दोघांना ६ कोर, १२ थ्रेड, बूस्ट (जास्तीत जास्त वेग) ४.४ गिगाहर्ट्झ, डब्यावर ६५ वॉट. कॅश (प्रोसेसरची आतली मेमरी) ५६०० ला ३२ एमबी, १२४०० ला १८. सिनेबेंच आर२३ मीही चालवलं, ५६०० ला ११,००० च्या आसपास आणि १२४०० ला १२,००० च्या वर. आता एवढ्या फरकाने अल्बमचं पान सेव्ह होताना कोणाला काही कळलं तर त्याला माझ्याकडून जेवण.

खरी गंमत नवा कॅमेरा आल्यावर. त्यात आम्ही १० बिट ४:२:२ एचईव्हीसी या जास्त रंगमाहितीच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करायला लागलो, रंग छान मिळतात. ५६०० ला एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आहे, तरी प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर चित्र गोठायचं आणि आवाज पुढे पळायचा, म्हणजे "सावधान" होऊन बँड वाजायला लागला तरी स्क्रीनवर नवरी आपली अंतरपाटाच्या अलीकडेच. टास्क मॅनेजर उघडला की सगळे कोर ९०-१०० टक्क्यांवर. कारण असं की एनव्हिडियाची ५० सिरीजच्या आधीची कार्डं हे ४:२:२ डिकोड, म्हणजे उलगडायचं काम, करतच नाहीत, सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. १२४०० च्या पोटात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, त्यातलं क्विक सिंक नेमकं हेच काम करतं. गेम खेळायला त्या ७३० ला कुत्रं विचारत नाही, पण आमची लग्नं त्यानेच तारली.

म्हणूनच १२४००एफ घेऊ नका, एडिटिंग करणार असाल तर. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्सच बंद. थोडे पैसे वाचतात खरे, पण ज्याच्यासाठी इंटेल घ्यायचा तेच गेलं मग. आणि एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमधलं १० बिट ४:२:२ यालाही झेपत नाही हां, कॅमेऱ्यात एचईव्हीसीच निवडा.

पहिले पंधरा दिवस मात्र मी स्वतःलाच शिव्या घालत होतो, कारण नवं मशीनही तसंच अडकायचं. शेवटी कळलं की ग्राफिक्स कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी मॉनिटर, म्हणजे आतलं ग्राफिक्सही सोबत, चालू केलं, इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलवर टिक केली आणि तोच अंतरपाट झर्रकन खाली. तेव्हाच दिसलं की दुकानदाराने एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) पण चालू केलं नव्हतं, ३२०० ची रॅम २१३३ वर रांगत होती. जोडून आणलेलं मशीन घरी आलं की हे आधी बघा.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री, आम्ही एसीशिवाय. ५६०० सोबत आलेल्या छोट्या कूलरवर एक्सपोर्ट लावला की तापमान ८५ च्या पुढे जायचं, आणि त्याची मर्यादाच ९० आहे. १२४०० ची १०० आहे, पण सोबतचा पंखा त्याचाही काही थोर नाही. शेवटी ५६०० ला टॉवर कूलर लावायचं ठरवलं आणि तिथे माझी चूक झाली. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून हातात आला, दोन पिना वाकलेल्या. ५६०० च्या एएम४ सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरलाच असतात ना. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, मेव्हण्याने मोबाईलचा टॉर्च धरला, आणि श्वास रोखून एकेक पिन ओळीत आणली. बसला बाबा सॉकेटमध्ये, चालू झाला. तेव्हापासून आधी दहा मिनिटं मशीन तापवतो, बंद करतो, मग कूलर हळूच पिळून सोडवतो.

५६०० वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मेव्हणा रात्री गेम खेळतो, त्याची कधी तक्रार नाही, आणि त्याच बोर्डात फक्त बायोस अपडेट करून पुढे ८ कोरचा ५७००एक्स बसतो. इंटेलच्या बोर्डातही १३वी-१४वी पिढी बसते म्हणा, पण त्यातल्या मोठ्या चिपा जास्त व्होल्टेजने खराब होण्याचा २०२४ मध्ये जो घोळ झाला त्यानंतर मला सेकंडहँड घ्यायची हिंमत होत नाही. १२वी पिढी त्यातून सुटली.

सध्या आमचं असं चाललंय की रात्री स्टुडिओ बंद करताना १२४०० वर प्रॉक्सी (कटिंगसाठी व्हिडिओच्या हलक्या कॉप्या) बनवायला लावून जातो, सकाळी मेव्हणा त्या प्रॉक्सी पेनड्राइव्हवर घेऊन ५६०० वर कटिंगला बसतो. परवा लाईट गेली, यूपीएस कधीचा मेलेला, अर्ध्याच प्रॉक्सी झाल्या होत्या. मेव्हणा दिवसभर गेम खेळत बसला.