कोगनोळीच्या नाक्यावर कस्टमचं ऑफिस नाही

२९,१०० रुपये. मॉडचे (ई-सिगारेटचं, म्हणजे व्हेपचं, मोठं यंत्र) ६,८००, त्यातल्या दोन सेलचे १,६००, लिक्विडच्या बाटल्यांचे १,२००, पार्सल ‘सोडवायचे’ ४,५०० आणि ‘फाईल बंद करायचे’ १५,०००. एवढे पैसे माझ्या खात्यातून गेले. बदल्यात मिळालं ते धातूचं एक जड खोकं. त्याच्या स्क्रीनवर २०० वॅट दिसतात, पण साध्या पन्नास रुपयांच्या अगरबत्तीचा धूर त्याच्या वाफेपेक्षा बरा. घरात अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण मला ते विकणारा माणूस नाव बदलून निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या लोकांना अजूनही मेसेज पाठवतोय. माझ्या भाच्याच्या मित्रालाही आला.

व्हेपच्या नादाला लागलोच कशाला, असं विचारणाऱ्यांना आधीच उत्तर देतो. मी निपाणीचा. घराच्या मागच्या बाजूला तंबाखूची वखार, वडील बिडीवाले, मी सिगारेटवाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून “सोडा” एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कशी सोडायची ते कोण सांगणार? भाचा म्हणाला, “मामा, लहान पेनसारखं नको घेऊ, त्यानं तुझी तलफ भागणार नाही, मोठं पॉवरवालं घे.” म्हणून शोधायला लागलो. त्यात गैर काय केलं, मला अजून कळत नाही. (तंबाखू सोडायची असेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट लाईन आहे. हा नंबर मला तेव्हा एकानेही सांगितला नाही. तुम्ही आधी तिथे फोन करा.)

दुकानात हा माल मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कर्नाटकाने २०१६ मध्येच ई-सिगारेटवर बंदी आणली आणि २०१९ मध्ये देशभराचा कायदा झाला. म्हणून मग टेलिग्रामवरचा ग्रुप, तिथून व्हॉट्सॲप, तिथून यूपीआय. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्याचा डीपी चांगला, बोलणं आदबीचं, “सर, ओरिजिनल पीस, बॉक्सवर स्क्रॅच कोड आहे, साईटवर टाकून बघा.” कोल्हापूरचा आहे म्हणाला. मराठी आमच्यासारखीच बोलत होता, “घेतलासा काय”, “पाठवलासा काय” असं. त्यामुळेच माझा विश्वास बसला. मुंबई-दिल्लीच्या हिंदी बोलणाऱ्या माणसाला मी ९,६०० रुपये आगाऊ दिलेच नसते.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. विचारलं, तर म्हणाला, “बंदीचा माल आहे सर, माझ्या नावावर कसे घेणार?” हे उत्तर मला पटलं आणि इथेच या लोकांची खरी चाल आहे. मालावर बंदी असल्यामुळे त्यांचं प्रत्येक खोटं पटण्यासारखं वाटतं. बिल का नाही? बंदी आहे. कॅश ऑन डिलिव्हरी का नाही? बंदी आहे. दुकानाचा पत्ता का नाही? बंदी आहे. एकाच शब्दात सगळी तोंडं बंद.

मग तो फोन आला. त्याच्यावर मी अजून रात्री जागा होऊन विचार करतो.

हिंदीतला करडा आवाज: “आपका पार्सल कोगनोळी बॉर्डर पे कस्टम ने पकडा है.” प्रतिबंधित माल, दंड ४,५००, भरला तर पार्सल सोडू आणि चौकशी संपल्यावर रक्कम परत. नाही भरला तर नाव निपाणीला कळवू.

कोगनोळी! निपाणीहून कागलला जाताना दूधगंगेच्या अलीकडे लागणारा, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा तो नाका माझ्या पायाखालचा आहे. टोल कुठे, चहाची टपरी कुठे, पोलिसांचे बॅरिकेड कुठे, सगळं डोळे मिटून सांगेन. तिथे कस्टमचं ऑफिस नाही, कधी नव्हतं, असूही शकत नाही. कस्टम बंदरावर असतं, विमानतळावर असतं, परदेशी टपाल येतं तिथे असतं. महाराष्ट्रातून कर्नाटकात आलेल्या मालाशी कस्टमचा काय संबंध? २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्याराज्यांमधले विक्रीकराचे नाकेसुद्धा उठले. हे मला माहीत होतं. तरीही त्या क्षणी फोन कानाला लावून मी “हो सर, हो सर” म्हणत होतो.

पण सीमेवर राहणाऱ्याने मला एक सांगावं: कोगनोळीला अडवलं, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटतं का? करोनाच्या काळात आरटीपीसीआरचा कागद नाही म्हणून तिथूनच परत पाठवलेली माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. निवडणूक आली की रोख रकमेसाठी गाड्या उघडतात. बेळगावात हिवाळी अधिवेशन लागलं की महाराष्ट्रातून येणाऱ्या नेत्यांना तिथेच थांबवतात. तिथे कोण उभा आहे, कुठल्या खात्याचा आहे, हे विचारायची आपली सवयच मोडली आहे. त्या चोराला हे बरोबर ठाऊक होतं. नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्याने दुसरंच काही सांगितलं असतं. मला त्याने कोगनोळी सांगितलं.

४,५०० भरले. पार्सल खरंच आलं. तेही त्यांच्या योजनेतच होतं, कारण पार्सल आलं म्हणजे ‘अधिकारी’ खरा ठरतो आणि पुढच्या मागणीची वाट मोकळी होते.

आता त्या मॉडचं सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातात आला तर ओळखता येईल. ‘१८६५०’ आकाराचे दोन चार्ज होणारे सेल बसणारा, रंगीत स्क्रीन, ५ ते २०० वॅट. लिक्विडच्या टँकमध्ये ते तापवणारी ०.१५ ओमची कॉइल, तिच्यावर ७०–८५ वॅट लिहिलेलं. बॉक्सवरचा स्क्रॅच कोड आधीच खरवडलेला होता. विचारलं, तर “आम्हीच चेक करून पाठवतो सर”. ८० वॅटवर ठेवून बटण दाबलं तर दोन ओढींनंतर स्क्रीनवर बॅटरी लो. पुन्हा चार्ज करा, पुन्हा तेच. ६० वर ठेवलं तरी कॉइलमधला कापूस जळल्याचा वास आणि घसा सोलून निघाल्यासारखा. लिक्विडच्या बाटलीवर निकोटिन ३ मिलिग्रॅम लिहिलेलं, पण बनवणाऱ्याचं नाव नाही, बॅच नाही, तारीख नाही. ते ओढल्यावर डोकं गरगरून ओट्याला धरून बसावं लागलं. बाटलीत काय होतं, देव जाणे.

सेलवर क्षमता ९९०० एमएएच छापलेली. एवढ्या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास पुष्कळ झालं. ९९०० लिहिलेला सेल दिसला की तो खोटाच, दुसरी चौकशी करायची गरज नाही. बेळगावात इलेक्ट्रिक स्कूटरचे बॅटरी पॅक बांधणारा एक ओळखीचा पोरगा आहे, त्याच्याकडे नेले. त्याने आधी हातात तोलले, मग ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले. असा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, हे ३२ भरले. टेस्टरवर लावले तर क्षमता ११०० सुद्धा दाखवेना. शेवटी त्याने नखाने वरचं प्लॅस्टिक सोलून दाखवलं. खाली दुसऱ्या रंगाचं जुनं कव्हर. “लॅपटॉपचे काढलेले सेल आहेत दादा, वर नवी पिशवी चढवल्या.”

तेव्हा अंगावर काटा आला. दोन सेल ओळीने जोडले की पूर्ण चार्जवर ८.४ व्होल्ट होतात. त्यातून २०० वॅट काढायचे तर २४ अँपिअरच्या आसपास करंट लागतो आणि सेल उतरत जाईल तसा आणखी वाढतो. चांगल्या कंपनीचा जास्त करंट देणारा सेलही तिथे घायकुतीला येतो. लॅपटॉपमधला सेल तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. तो तापतो, फुगतो, फुटतोही. आणि ते यंत्र मी तोंडाजवळ धरत होतो, रात्री उशाशी चार्जिंगला लावत होतो. पैसे गेले ते गेले, पण त्या माणसाने माझ्या तोंडापुढे काय धरायला दिलं होतं, ते आठवलं की हात थरथरतात. ज्यांच्याकडे असे सेल आहेत त्यांनी ते खिशात किल्ल्या-चिल्लर यांच्याबरोबर अजिबात ठेवू नका.

पैसे परत मागितले. शिव्या दिल्या, तक्रार करतो म्हणालो. त्यावर अर्ध्या तासात पुन्हा तो करडा आवाज. आता २०१९ च्या कायद्याचं नाव, १ वर्ष कैद, १ लाख दंड, आणि व्हॉट्सॲपवर माझ्या आधारचा फोटो. तो ‘डिलिव्हरीसाठी’ म्हणून विक्रेत्याने आधीच घेतला होता. मुलीचं लग्न ठरायच्या बोलण्यात होतं. घरी पोलीस आले तर पाहुणे काय म्हणतील, याशिवाय दुसरं काही डोक्यात येईना. ‘फाईल बंद करायला’ ५,०००, ५,०००, ५,०००. तीन वेळा पिन टाकला.

नंतर तो कायदा मी स्वतः वाचला. १ वर्ष आणि १ लाखाची ती शिक्षा बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आहे. म्हणजे त्यालाच! आणि कुठलाही कायदा असो, फोनवरून यूपीआयने दंड घेणारा अधिकारी या देशात नाही. अधिकाऱ्याचं सोंग घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, फसवणूक ३१८ खाली, धमकी देऊन पैसे उकळणं ३०८ खाली. हे आकडे लिहून ठेवा, ठाण्यात गेल्यावर लागतील.

ठाण्याचं मात्र विचारू नका. इकडच्या ठाण्यात गेलो. मराठीत लिहिलेला अर्ज हातात न घेताच, “कन्नडदाग बरदु कोडरी.” ठीक आहे, कन्नडमध्ये लिहून आणला, त्याचे लिहिणाऱ्याला ३०० रुपये दिले. मग म्हणाले, विक्रेत्याचा नंबर महाराष्ट्राचा, तिकडे जा. तिकडे गेलो, तर आधार बघून म्हणाले, “तुम्ही कर्नाटकचं, तिकडंच द्या की तक्रार. आणि बंदीची वस्तू घेतलासाच कशाला?” पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच राज्यातलं निघालं, म्हणजे दोघांनाही हात झटकायला आणखी एक कारण. सीमाभागात जन्मलो म्हणून आम्ही फसवलं गेलो तरी कुणाचेच नाही का? सत्तर वर्षं हा प्रदेश कुणाचा म्हणून दोन्ही सरकारं भांडत आली, पण इथल्या माणसाचा एक कागद घ्यायची वेळ आली की दोघंही म्हणतात, आमचा नव्हे!

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. मी कलमाची प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि “बघू” म्हणाले. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो, पिन तुम्हीच टाकलाय. बंदुकीच्या धाकाने कुणी दागिने काढून दिले तर ते स्वतःच्या हाताने दिले म्हणायचं का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदली. त्यातून पुढच्या एका खात्यात २,३४० रुपये गोठले आहेत. पण ते सुटायला ठाण्याचा अहवाल लागणार, आणि अहवाल द्यायचा तो त्याच ठाण्याने. म्हणून पैसे गेल्याक्षणी १९३० लावा, आधी ठाण्यात बसून राहू नका. पहिल्या तासातच पैसे पुढच्या खात्यात, तिथून त्याच्या पुढच्या खात्यात सरकतात.

कुरिअरला आधारचा फोटो लागत नाही. कुणी मागितला तर तिथेच व्यवहार थांबवा. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक काढून घ्या. आणि बंदीच्या वस्तूची तक्रार कशी करायची म्हणून गप्प बसू नका. त्यांचा सगळा धंदा तुमच्या त्या गप्प बसण्यावर चाललाय.

ते सेल मी कोरडी वाळू भरलेल्या डब्यात वेगळे ठेवलेत, मॉड आणि बॉक्सही ठेवलाय, पुरावा म्हणून. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर किंवा पलीकडे कागल, गडहिंग्लज, चंदगडमध्ये कुणाला “कोगनोळी बॉर्डर पे कस्टम ने पकडा है” हेच वाक्य ऐकायला मिळालं असेल, तर त्याने तारीख, रक्कम आणि नंबर लिहून तयार ठेवावं. एकट्या माणसाचा कागद ते घडी घालून परत देतात. दहा जणांचा एकत्र अर्ज घेऊन जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे जायचं मी ठरवलंय. कन्नडमध्ये लिहून घ्यायचा खर्च मी करतो.