'रक्तातच हाय' या उत्तरापुढे जाणारा चित्रसंच: घ्यावा का, आणि वापरावा कसा

'माणूस हिंसक का होतो' या विषयावरचा एक चित्रसंच सध्या यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांमध्ये प्रशिक्षणाला वापरला जातो. पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि ग्राम बाल संरक्षण समितीचे सदस्य यांच्यासाठी तो केलेला आहे. टेबलावर उभा राहणारा 22 पानांचा फ्लिपचार्ट, 36 पत्ते आणि एक पातळ मार्गदर्शिका, किंमत साडेनऊशे रुपये. गावात या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: "त्याचा बापही तसाच होता, रक्तातच हाय." संच त्या वाक्याला थेट भिडतो, म्हणून तो घ्यावा. मात्र छापलेल्या क्रमाने वापरू नका.

सगळ्यात जमलेलं पान सातवं. एकाच पिशवीतली सरकी दोन वावरांत पेरली आहे. काळ्या जमिनीतली पऱ्हाटी कमरेला लागते, बरडातली गुडघ्याच्या वर गेलेली नाही. शेजारच्या चित्रात एकाच वावरात दोन वेगळी वाणं. फरक बियाण्याचा की जमिनीचा, हा प्रश्न विचारून थांबा. शेतकरी माणूस उत्तर स्वतःच देतो. मग आकडा सांगायचा. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून समाजविघातक वागण्यातला साधारण 40 ते 50 टक्के फरक आनुवंशिक निघतो. हा आकडा माणसा-माणसांतल्या फरकाचा आहे. एखाद्या पोराचा अर्धा स्वभाव बापाकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. मार्गदर्शिकेत हे नीट लिहिलंय, पानावर मात्र नाही, त्यामुळे तोंडी सांगावंच लागतं. नाहीतर लोक 'अर्धं रक्त' एवढंच घेऊन घरी जातात.

अकराव्या पानावर न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहराचा अभ्यास आहे. 1972-73 मध्ये तिथे जन्मलेल्या 1037 मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. मेंदूतली काही रसायनं मोडणारं प्रथिन बनवणाऱ्या एमएओए या जनुकाचा कमी काम करणारा प्रकार आणि लहानपणी झालेला छळ, या दोन्ही गोष्टी अभ्यासलेल्या मुलग्यांपैकी 12 टक्क्यांच्या वाट्याला आल्या होत्या. 2002 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की अभ्यासलेल्या सगळ्या मुलग्यांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या शिक्षांपैकी 44 टक्के या 12 टक्क्यांच्याच नावावर होत्या. पानावर वर मुलग्यांची 25 बोंडं आहेत, त्यातली 3 लाल. खाली शिक्षांची 25 कुलपं, त्यातली 11 लाल. न वाचताही कळतं. एकच गोष्ट सुटली आहे: नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक आलेला नाही, आणि रक्त तपासून गुन्हेगार ओळखणारी कुठलीही चाचणी नाही. "मग पोरांची तपासणी करून घेऊ का?" असा प्रश्न या पानावर हमखास येतो. उत्तर तयार ठेवा.

खरी गडबड तिसऱ्या पानावर आहे. लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने 1876 मध्ये 'जन्मजात गुन्हेगार' कवटीवरून आणि चेहऱ्यावरून ओळखता येतो असं मांडलं. ती कल्पना कधीच मोडीत निघाली. पण पानावर जाड भुवयांचे चार चेहरे मोठे आणि 'हे चूक आहे' ही ओळ बारीक, अगदी तळाला. मागच्या रांगेतल्यांना फक्त चेहरे दिसतात आणि बोटं गावातल्याच कुणाकडे तरी वळतात. चौथ्या पानावर अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा येतो. तो 31 ऑगस्ट 1952 ला संपला, तरी फासेपारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) मुलाकडे गावात चोरी झाली की आजही पहिली नजर जाते. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला इथे जेमतेम दोन ओळी दिल्या आहेत. तिसरं पान क्लिप लावून बंद करा आणि सातव्यापासून सुरुवात करा. चौथं पान अकराव्यानंतर घ्या. तिथेच डेन्मार्कचा अभ्यास तोंडी जोडा, कारण तो संचात नाही: 14,427 दत्तक मुलांमध्ये जन्मदात्यांना गुन्ह्यासाठी झालेल्या शिक्षेचा संबंध मुलांच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांशी दिसला, हिंसक गुन्ह्यांशी दिसला नाही. 'रक्तातच हाय'ला यापेक्षा सरळ उत्तर सापडणार नाही.

पत्त्यांचा खेळ चांगला आहे, पण वाटणी चुकली आहे. सहा-सहा जणांच्या गटाने लाल (जन्म), तपकिरी (घर) आणि हिरवा (गाव) असे पत्ते ओढायचे आणि त्यातून एका मुलाचं आयुष्य मांडायचं. 'बापाची दारू', 'डोक्याला जबर मार', 'आईला मार खाताना पाहिलं', 'सहावीत शाळा सुटली' असे पत्ते भरपूर. 'जीव लावणारी आजी' किंवा 'रोज विचारपूस करणारे गुरुजी' असे जेमतेम चार. त्यामुळे प्रत्येक गटाचं पोर शेवटी तुरुंगात पोचतं. हे खोटं चित्र आहे. छळ सोसलेली बहुतेक मुलं हिंसक गुन्हेगार होत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आधाराचे आठ पत्ते लिहून गड्डीत मिसळा, खेळाचं रूपच बदलतं. 'दारू बंद करा' हा पत्ता काढून टाका. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तिथल्या बायांना नुसत्या बंदीने काय होतं आणि काय होत नाही हे तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अठरावं पान आशाताईंसाठी. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरभेट असते. गडचिरोलीतल्या कामातून पुढे आलेली ही पद्धत बाळ जगवण्यासाठी आहे. पण आई घाबरलेली आहे का, घरात मारहाण आहे का, हेही त्याच भेटीत दिसू शकतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे गरोदरपणापासून नर्सच्या घरभेटी मिळालेल्या कुटुंबांतल्या मुलांना वयाच्या 15 व्या वर्षापर्यंत कमी वेळा अटक झाल्याचं आढळलं. हे पान घाईत उरकू नका, अर्धा तास द्या.

मार्गदर्शिका पाऊण तास सांगते, प्रत्यक्षात दोन तास लागतात. 20 पेक्षा जास्त माणसं बसवू नका, पाचव्या रांगेतून अक्षरं वाचता येत नाहीत. लॅमिनेशन चकाकतं, त्यामुळे समाजमंदिरात दाराकडे तोंड करून चार्ट ठेवला की निम्म्यांना नुसता उजेड दिसतो. दाराकडे पाठ करून ठेवा. स्पायरल तिसऱ्या-चौथ्या वापरात वाकते, तिथे सुतळी ओवून घेतलेली बरी. 1098 (मुलांसाठी) आणि 14416 (मानसिक आरोग्यासाठी) हे मोफत मदतीचे नंबर 21 व्या पानावर बारीक अक्षरांत आहेत. निघण्याआधी शाळेच्या फळ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहून द्या.